परत येण्याची वेळ

बुधवारी जेवताना आग्रोनने पावाचा तुकडा दह्यातल्या काकडीत बुडवला आणि वर न बघता विचारलं, "आई, काल तू जुन्या गिरणीच्या चौकात सव्वा तास काय करत होतीस?"

मेरुशेने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच. औषधाच्या दुकानात जायचं म्हणून ती निघाली होती, भलत्याच बसमध्ये चढली, आणि चूक लक्षात आली तेव्हा खिडकीबाहेर एका चिनाराखाली चार रिकाम्या खुर्च्या दिसल्या म्हणून तिथेच उतरली. एक कॉफी घेतली. समोरच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई पडद्याच्या दांडीशी झटत होती, ती दांडी अखेर बसेपर्यंत थांबली. या क्षणी आपण तिरानात कुठे आहोत हे जगात कोणालाही माहीत नाही, हे तिला त्या सव्वा तासात दोनदा जाणवलं होतं, आणि दोन्ही वेळा कॉफी जास्त चांगली लागली होती. आता आग्रोनने आपला फोन तिच्या ताटाशेजारी ठेवला. नकाशावर एक हिरवा ठिपका होता आणि ठिपक्यात तिचा फोटो, त्याच्या लग्नातला, तोंड अर्धवट उघडं. "हिवाळ्यात तू जिन्यात पडलीस ना, तेव्हाच लावलं हे. तुला सांगितलं होतं मी." सांगितलंही असेल. हात प्लॅस्टरमध्ये असताना ती बऱ्याच गोष्टींना हो म्हणाली होती. "त्यात वाईट काय आहे? तू कुठे आहेस एवढं कळतं, बस." "आणि मी कुठे असायला हवी, ते?" तिने विचारलं. आग्रोन हसला. तो दातांचा डॉक्टर. त्याचे दात सुरेख होते. "ते कोण म्हणतंय, आई. जेव तू." तिने त्याच्या ताटात आणखी एक भरलेली मिरची वाढली. हात नेहमीसारखा चालला. पण बरगड्यांच्या खाली, डाव्या बाजूला, एक जागा आवळली गेली होती. चौतीस वर्षं ती जागा शांत होती, इतकी की तिथे काही होतं हेच मेरुशे विसरली होती.

सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. सतरा वर्षं. लुश्न्याच्या पाणथळ माळावरच्या त्या वस्तीत कचेरीसमोर रांग लागायची आणि एक माणूस वहीतून नावं वाचायचा. आपलं नाव आलं की हजर म्हणायचं, फार मोठ्याने नाही आणि फार हळूही नाही. आवाज मोठा झाला तर माज, हळू झाला तर कपट. वस्तीच्या हद्दीबाहेर पाऊल टाकायचं तर अर्ज: नाव, बापाचं नाव, जन्माचं गाव, कुठे जायचं, कारण, परत येण्याची वेळ. दात काढायलासुद्धा. तिचा बाप रेजेप दुर्रसच्या गोदीत जोडारी होता. चौऱ्याहत्तरच्या ऑगस्टमध्ये तो आणखी दोघांबरोबर एका होडीतून देश सोडून पळाला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मागे राहिलेल्यांना हद्दपार करायला घरासमोर सरकारी ट्रक उभा राहिला. दोन तास दिले. आई भांडी बांधत होती आणि सतरा वर्षांची मेरुशे अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होती, ते ओले होते, आणि ओले कपडे बांधायचे की नाही यावर दोघी भांडल्या. बाप पलीकडे इटलीला पोचला की वाटेत बुडाला, हे कोणी कधी सांगितलं नाही. आईने आठ वर्षं वाट पाहिली आणि मग त्या माळावरच ती गेली. मेरुशेचं लग्न तिथेच झालं, तसल्याच दुसऱ्या एका हद्दपार घरातल्या मुलाशी. आग्रोन तिथेच जन्मला. चालायला लागला तेव्हा तोसुद्धा संध्याकाळी तिच्या स्कर्टला धरून रांगेत यायचा, आणि एकदा तिच्याआधी त्यानेच हजर म्हटलं तेव्हा सगळी रांग हसली होती, वही वाचणारा माणूससुद्धा. ती हसली नव्हती.

गुरुवारी सकाळी ती शेजारच्या फातबार्धाकडे कॉफीला गेली. फातबार्धा कापड गिरणीत तीस वर्षं मागावर होती, त्यामुळे अजून ओरडूनच बोलायची. कॉफी संपली की ती कप बशीवर पालथा घालायची आणि गाळाच्या रेघा वाचायची. "अगं मेरुशे, हा रस्ता बघ. लांब रस्ता आहे. आणि शेवटी पाणी."

"कालही पाणीच होतं."

"काल तुझ्या गुडघ्यात होतं. हे समुद्राचं आहे." फातबार्धाने कप उजेडाकडे तिरका धरला. "कुठे निघालीस? माझ्यापासून लपवू नकोस, मी कपात बघितलंय."

"दुर्रसला." शब्द आधी बाहेर पडला आणि बेत मागाहून ठरला, असं मेरुशेला वाटलं. तरी तो जुनाच असणार, नाहीतर इतका तयार कसा निघाला असता?

फातबार्धाने कप खाली ठेवला. तिरानातला माणूस दर रविवारी दुर्रसला जातो, वाळूत छत्री रोवतो, उन्हाने लाल होऊन परत येतो; मोटारीने पाऊण तास. एवढ्या वर्षांत ही बाई एकदाही कोणाबरोबर गेली नव्हती. कधी डोकं दुखायचं, कधी पाहुणे यायचे. "आणि पोराला सांगितलंस?"

"त्याला कशाला सांगायचं?"

"म्हणजे त्याला विचारायचं धाडस नाही."

"विचारायचंच नाहीये," मेरुशे म्हणाली. "धाडस त्यासाठीच लागतंय."

घरी येऊन तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि कोऱ्या बाजूवर बेत मांडायला बसली. शनिवार, म्हणजे दवाखाना अर्धा दिवस आणि आग्रोन कामात. सव्वाआठची गाडी. गुडघ्याचा पट्टा, पाणी, चीज भरलेला पापुद्र्यांचा बुरेक, दोन उकडलेली अंडी. बंदराजवळच्या थांब्यावर उतरायचं, तटाच्या भिंतीला धरून चढ चढायचा, वर रोमनांचा आखाडा, गोल, भोवती पायऱ्यांसारख्या दगडी बैठकी. तिचं घर त्या आखाड्याच्या डोक्यावर होतं. सगळी आळीच त्याच्या डोक्यावर होती. ती लहान असताना खाली काय आहे ते कोणाला धड ठाऊक नव्हतं; मग सरकारी माणसं खणायला लागली आणि दर वर्षी एखादं अंगण कमी व्हायचं. आळीतल्या बायका म्हणायच्या, रोमन लोक वर येतायत, चहा टाका. रेजेपच्या अंगणात तर एक पायरी आधीपासूनच उघडी होती, संगमरवराची, लांब. आई तिच्यावर कपडे आपटायची. रेजेपने गोदीतलं गिरमिट आणून त्या संगमरवरात एक आरपार भोक पाडलं आणि कपड्यांच्या दोरीसाठी लोखंडी कडी ठोकली. खणणाऱ्यांतला एक तरुण ते बघून डोक्याला हात लावून बसला होता. दोन हजार वर्षांची बैठक आहे ही, काका. रेजेप म्हणाला होता, "मग दोन हजार वर्षांत दोरी बांधायची अक्कल कोणालाच आली नाही का?"

ती मनाशी हसली आणि तिने कागदाकडे बघितलं. कागदावर, तिच्याच अक्षरात, असं लिहिलेलं होतं: मेरुशे, बाप रेजेप, जन्म दुर्रस. जायचं ठिकाण, दुर्रस. कारण, असं लिहून पुढे जागा सोडलेली. परत येण्याची वेळ, संध्याकाळी पाच. आणि अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात, चार बोटं कोरी जागा, वरच्याने सही करावी म्हणून. बुरेक आणि अंडी मधेच कुठेतरी आली होती, सामानाच्या यादीसारखी. हातानेच अर्ज लिहिला होता. ती सामान आणि समुद्राचा विचार करत होती तोवर हाताने आपलं जुनं काम उरकून घेतलं होतं. कितीतरी वेळ ती त्या कोऱ्या कोपऱ्याकडे बघत बसली. सही कोणाची? वहीवाला तो माणूस केव्हाच मेला. त्याच्या मुलाचं लुश्न्यात टायरचं दुकान आहे असं कोणीसं सांगितलं होतं. मग तिला आठवलं की गेल्या आठवड्यात पावाच्या दुकानातल्या मुलीला तिने उगाच सांगितलं होतं, मी आता डॉक्टरांकडे चाललेय, अकरापर्यंत परत येईन. मुलीने फक्त कोणता पाव हवा एवढं विचारलं होतं. आणि हे एकदा नाही. गेली तीस वर्षं ती या शहरात प्रत्येक दुकानदाराला, प्रत्येक जिन्यातल्या बाईला आपण कुठे जातो आणि कधी येतो ते सांगत आली होती. लोक म्हणायचे, मेरुशे किती मनमोकळी.

तिने पेन्सिल घेतली आणि 'कारण' हा शब्द खोडला. मग वेळ खोडली. बापाचं नाव ठेवलं.

दुर्रसला ती एकदा गेली होती, हे खरं. त्र्याण्णव साली, राजवट पडून सुटका झाली त्याला दोन वर्षं झाल्यावर. आग्रोन नऊ वर्षांचा होता, त्याच्या हातात आइस्क्रीम होतं. घर उरलं नव्हतं. भिंतींच्या जागी खड्डा, खड्ड्याभोवती तारेचं कुंपण, आणि कुंपणापाशी खुर्चीवर एक राखणदार, अंगात कुठल्याशा जुन्या गणवेशाचा नुसता कोट. आत पाचसहा दगडांच्या पलीकडे ती पायरी दिसत होती. कडी गेली होती. भोक होतं, आणि भोकाखाली गंजाचा ओघळ. मेरुशे म्हणाली, मला आत जायचंय. राखणदाराने सिगरेटसुद्धा तोंडातून काढली नाही. "परवानगी आहे का?" एवढंच. त्याला बहुधा त्या शब्दात काही विशेष वाटलं नसावं. आणि मेरुशे म्हणाली, "नाही. माफ करा. आभारी आहे." ती वळली. त्या वेळी आग्रोनने तिचा हात ओढला होता आणि सांगितलं होतं की आई, तिकडे तार तुटलीय, खालून जाता येईल, मी आधी जातो. तिने त्याच्या दंडाला इतका जोरात चिमटा काढला की आइस्क्रीम खाली पडलं. "परवानगी नाही म्हटलं ना त्यांनी." हे वाक्य तिच्या तोंडून त्याच रांगेच्या आवाजात आलं, फार मोठ्याने नाही, फार हळू नाही. त्यानंतर चौदा दिवस ती बोलली नाही. नवऱ्याला वाटलं, घर गेल्याचं दुःख. आग्रोनलाही तेच वाटलं असणार. म्हणूनच पुढे दुर्रसचं नाव निघालं की तो विषय बदलायचा, आणि मोठा झाल्यावर तर सरळ म्हणायचा, तिथे नाही जायचं आई, तुला त्रास होतो. दुःख नव्हतंच ते. सतरा वर्षं रांगेत उभं राहायला लावलं म्हणून ती राहिली, तो दोष तिचा नव्हता. पण त्या दिवशी रांग नव्हती, वही नव्हती, ट्रक नव्हता. एक कंटाळलेला माणूस आणि तुटकी तार. तरी ती आभारी आहे म्हणाली होती. आणि एका मुलाला, जो तारेखालून जायला निघाला होता, तिने परवानगी शिकवली होती. मुलगा हुशार होता. नीट शिकला.

शुक्रवारी फातबार्धा दारातूनच ओरडली की तिने सगळी तोड काढली आहे. "तुझा फोन माझ्याकडे दे. मी त्याला फिरवून आणते. दहाला पावाचं दुकान, अकराला बागेतलं बाकडं, मग औषधवाला. दुपारी तुझ्या उशीवर ठेवून देते, झोपलीस असं होईल. तुझ्या पोराला इतकी शहाणी आई कधी मिळाली नसेल."

मेरुशे इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "आणि त्याने फोन केला तर?"

"तर मी खोकते. आई आजारी आहे म्हटल्यावर पुरुष पुढे काही विचारत नाहीत."

"तो डॉक्टर आहे, बाई."

"दातांचा. खोकल्यातलं त्याला काय कळतंय."

बेत पक्का होता. पण रात्रभर ती जागा, बरगड्यांखालची, सुटेना. पहाटेकडे तिला प्रेना आठवली. श्कोदरची लाल केसांची मुलगी, वस्तीत तिच्या शेजारच्या खोलीत. एका मे महिन्यात मेरुशे संध्याकाळची पश्चिमेच्या बांधावर गेली, कारण वारा तिकडून आला की खारट वास यायचा, आणि यायला उशीर झाला. नाव वाचलं गेलं तेव्हा रांगेतून प्रेना मेरुशेच्या आवाजात हजर म्हणाली. छान जमलं होतं म्हणे. पण वहीवाल्याने मान वर केली. प्रेनाला तीन महिने कोठडी झाली, आणि बाहेर आल्यावर ती मेरुशेला म्हणाली, "तुझा आवाज काढायला सोपा आहे. त्यात कोणी राहतच नाही." ते रागाने म्हटलं होतं की थट्टेने, हे मेरुशेला आजवर ठरवता आलं नव्हतं. अंधारात पडल्या पडल्या तिला दिसलं की फातबार्धा तिचा फोन घेऊन बाकड्यावर बसली आहे आणि तो ठिपका हजर म्हणतो आहे. म्हणजे वही मान्य झालीच. जो चोरून जातो तोही रांगेतच असतो, फक्त मागच्या टोकाला.

शनिवारी सकाळी तिने गुडघ्याला पट्टा बांधला, पिशवी भरली, फोन चार्जिंगवरून काढला आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवला. फातबार्धा दारात हात पुढे करून उभी होती. "आण."

"नाही. बरोबर नेतेय."

"अगं, तो बघेल."

"बघू दे." ती जिना उतरू लागली. वरून फातबार्धाने विचारलं, परत कधी येणार, निदान मला तरी सांगून जा, मी जेवायची थांबते. उत्तर मेरुशेच्या दातांपर्यंत आलं होतं, पाच, अगदी तयार. तिने कठडा घट्ट धरला आणि ते गिळलं. शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत घाम फुटला होता. दुर्रसच्या गाडीच्या दाराशी कंडक्टर पोरगा ओरडत होता, त्याने विचारलं, "मावशी, किती जण?" तेव्हाही नाव, बापाचं नाव, जन्माचं गाव, सगळं एका रांगेत वर आलं. "एक," ती म्हणाली. "जाऊन येऊन?" "नुसतं जाऊन." त्याने खांदे उडवले. गाडीत ती उजव्या बाजूला बसली. कारखाने गेले, गाद्यांची दुकानं गेली, डोंगरावर जुन्या राजवटीतला एक सिमेंटचा लष्करी घुमट गेला, ज्यात आता कोणीतरी शेळ्या बांधल्या होत्या. पिशवीत तो ठिपका पश्चिमेला सरकत होता. तिला ते अंगावर जाणवत होतं, जसं कोणी टक लावून बघितलं की मानेला जाणवतं. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की या खेपेला बघणारा जागेवर बसला आहे आणि चालतेय ती.

चढ तिला वाटला होता तितका मोठा नव्हता. खिडकीतल्या मुलीने तिकीट दिलं, हातातली नेलपॉलिशची बाटली न ठेवता. "आजी, खाली गोलात जा, बोगद्यात जा, चॅपल बघा. तेवढा वरचा डावा भाग बंद आहे, साखळी आहे तिथे." बरोबर. वरचा डावा. मेरुशे अर्ध्या उतरणीवर उभी राहिली. खाली गवत होतं, दोन जर्मन म्हातारे होते, एक मांजर होतं. कुंपणाची तार गेली होती आणि तिच्या जागी गुडघाभर उंचीची साखळी होती, दोन लोखंडी खांबांमध्ये. साखळीपलीकडे बैठकींच्या तीन रांगा, आणि वरच्या रांगेत, टोकाला, ती पायरी. भोक लांबून दिसत नव्हतं, पण गंजाचा ओघळ दिसत होता, पावसापाण्याने फिकट झालेला. तिने पिशवी आधी पलीकडे ठेवली. मग खांब धरून चांगला पाय उचलला, मग दुसरा. दुसऱ्याने साखळी हलली आणि आवाज झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "ओ मावशी." ती थांबली नाही. तीन पायऱ्या, प्रत्येकीवर श्वास. मग ती बसली. दगड थंड होता आणि मधे किंचित खोलगट. तो खोलगटपणा आईच्या कपड्यांनी आला होता की रोमन लोकांच्या बुडांनी, याची तिला आता पर्वा नव्हती. तिने करंगळी भोकात घातली. दुसऱ्या बाजूने बाहेर निघाली.

फोन वाजला. तिने तो चार वेळा वाजू दिला.

"आई." आग्रोनच्या मागे दवाखान्यातलं यंत्र घरघरत होतं, मग ते बंद झालं. "आई, तू दुर्रसला आहेस?"

"तुला दिसतंय की."

"कोणाला सांगून गेलीस? कोण आहे बरोबर?"

"कोणी नाही. कोणालाच नाही."

"पडलीस तर? आणि तुला... मागच्या वेळी काय झालं होतं, आठवतंय ना? तू चौदा दिवस..." तो थांबला. एवढा मोठा माणूस, आणि त्यानेही दिवस मोजले होते. "नक्की कुठे आहेस? बरोबर सांग. मी निघतो, तासाभरात येतो."

"घरी," मेरुशे म्हणाली.

तो नकाशा मोठा करून बघत असणार, बोटांनी ताणून. "तो मधला गोल..." तो अगदी हळू म्हणाला. "आई, आत गेलीस तू? तारेच्या आत?"

"आता साखळी आहे. वरून आले. तू खालून म्हणाला होतास, ते बरोबर होतं. चुकलं माझं."

मग तो म्हणाला, "परत कधी येणार?" पण प्रश्नातला जोर गेला होता, सवयीने उरलेला नुसता शेवट होता तो. तिने उत्तर दिलं नाही, आणि फोनही बंद केला नाही. मांडीवर ठेवला. कारण उतरणीवरून राखणदार येत होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला, हातात किल्ल्यांचा जुडगा, साखळीपाशी पोचेपर्यंत त्याला धाप लागली होती. तो साखळीच्या बाहेरच थांबला.

"मावशी, इथे बसायची परवानगी नाही."

मेरुशेने पिशवी उघडून बुरेकचा कागद सोडला, दगडावर पसरला आणि अंडी मधोमध ठेवली. मग थोडी सरकून शेजारी जागा केली.

"या ना," ती म्हणाली, मोठ्याने, हव्या तेवढ्या मोठ्याने. "तिथे का उभे राहिलात, आत या. बूट राहू देत पायात, आज अंगण झाडलेलं नाही."